आणलं मी, झाडलंस तू

वहिनी, दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला आणि मी दोन पावलं मागे सरतोय तोच कावळा शिवला. एकच कावळा, तोही घाईत असल्यासारखा. बरोबर आलेल्या चाळकऱ्यांनी हात जोडले. गुरुजी म्हणाले, बाई तृप्त होऊन गेल्या, त्यांचं काही राहिलं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र राग आला, खोटं कशाला सांगू. लोक तासतासभर ताटकळतात, मुलीला सांभाळू, बहिणीला अंतर देणार नाही, असं काय काय कबूल करतात, तेव्हा कुठे कावळा खाली उतरतो. मीही तयारीनेच गेलो होतो. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तू मला तोंड उघडायलाही दिलं नाहीस. तीस वर्षांचं भांडण अर्धवट टाकून कुणी असं तृप्त होतं का?

तुझ्या फोटोखाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि 'शोकाकुल'मधली नावं टाकून चाळीतल्या पोरांनी जिन्यात फलक लावलाय. त्यात माझं नाव 'दीर' म्हणून आहे. ठीकच आहे. पण मी या घरात सतरा वर्षांचा असताना कोकणातून आलो, त्यानंतर दोनच महिन्यांनी तू दादाची बायको होऊन आलीस. म्हणजे लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी तुझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. हे मी तुला ऐकवायचो, आणि तू म्हणायचीस, मग मोरी घासायचा मानही मोठ्याचाच.

आपल्या गॅलरीत एक रीत होती, आठवते? आता सांगितलं तर आजची मुलं हसतील. पाळी सुटून माणूस गिरणीतून आला की सरळ घरात शिरायचा नाही. दारात उभा राहायचा. घरातली बाई कुंचा घेऊन बाहेर यायची आणि त्याच्या अंगावरचा कापूस झाडायची. केस, भुवया, खांदे, पाठ, विजारीच्या घड्या. सगळ्या गॅलरीत एकाच वेळी दहाबारा बाया आपापली माणसं झाडत उभ्या. तू आधी दादाला झाडायचीस, मग मला. 'पाठ फिरव' म्हणायचीस. साचेखात्यात आठ तास मागांच्या आवाजाने कानठळ्या बसल्यावर तो कुंच्याचा बारीक आवाज इतका गोड वाटायचा की मी मुद्दाम उशिरा वळायचो. ज्याला झाडणारं कुणी नाही तो माणूस आमच्यात बिचारा समजला जायचा. माझं लग्न झालेलं नसूनही मी बिचारा नव्हतो, ते तुझ्यामुळे.

मग ब्याऐंशीचा संप आला. कुंचा खिळ्याला टांगला गेला तो टांगलेलाच राहिला. दादा संपाचा कट्टर. पहिल्या पावसाळ्यात शेती बघायला म्हणून तो गावी गेला आणि तिकडेच अडकल्यासारखा झाला. इथे तू, मी आणि दीड वर्षाची शोभा. तू पापड लाटायला जायचीस, मी दिवसभर नाक्यावर उभा राहून संप मिटल्याच्या अफवा ऐकायचो. संध्याकाळी रिकाम्या हाताने आणि स्वच्छ कपड्यांनी घरी यायचो. त्या स्वच्छ कपड्यांची मला इतकी लाज वाटायची की काय सांगू. तू ते ओळखलं होतंस.

संपाच्या दुसऱ्या वर्षी पांडूने मला माझगावच्या भट्टीवर नेलं. पांडू गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर होता. गोदीच्या मागे पत्र्याची शेड, तिथे ट्रकच्या आणि बोटींच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या. आम्ही हातोड्याने त्यांची खोकी फोडायची, आतल्या प्लेटा काढायच्या, भट्टीत त्यांचं शिसं वितळवून त्याच्या लगडी पाडायच्या. शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर करडी भुकटी बसलेली असायची, आमच्या पापण्यांवरसुद्धा. ओठावरून जीभ फिरवली की जराशी गोडसर चव लागायची. पांडू म्हणायचा, बघ, गिरणीत कधी तोंड गोड झालं होतं का.

पहिल्या दिवशी मी घरी आलो तेव्हा गॅलरीच्या टोकापासूनच तू मला पाहिलंस. मळलेला, थकलेला, कामावरून आलेला माणूस. तू आत गेलीस आणि खिळ्याचा कुंचा घेऊन बाहेर आलीस. इतक्या महिन्यांनी. तुझ्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी विसरणार नाही. मी पाठ फिरवली. तू नेहमीसारखं डोक्यापासून पायापर्यंत झाडलंस. मला वाटलं, आपण पुन्हा माणसात आलो. शोभा उंबऱ्यावर बसून कुरमुरे खात होती. काही वाटीतले, काही जमिनीवर सांडलेले.

असं रोज चाललं. कापूस आणि शिसं यांतला फरक आपल्याला कुणी सांगितला नव्हता, वहिनी. कापूस झाडला की उडून जातो. ही भुकटी जड होती, ती तिथेच खाली बसायची. उंबऱ्यावर, चटईवर, शोभाच्या लाकडी बाहुलीवर. त्यात आपल्याकडचा दुसरा नेम. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, काढावा लागलाच तर बाहेर टाकायचा नाही, लक्ष्मी जाते. मी यायचो ते नेमका दिवे लागल्यावर. मग तू गॅलरीतली आणि उंबऱ्यावरची धूळ झाडूने गोळा करून सुपलीत भरायचीस आणि सुपली दाराआड ठेवायचीस, सकाळी टाकायला. शोभाचं अंथरूण दाराआडच. घरात राहिलेली थोडीशी लक्ष्मी जाऊ नये म्हणून तू जपायला गेलीस, आणि काय जपून ठेवत होतीस ते आपल्याला कुठे ठाऊक होतं.

शोभा 'काका' म्हणायला शिकली होती. 'पाव', 'चिऊ' म्हणायची. दिवाळीच्या सुमारास हळूहळू ती गप्प झाली. पोट धरून रडायची, जेवायची नाही, शौचाला होत नसे, रंग कागदासारखा पांढरा पडला. कुणी दृष्ट काढायला सांगितली, तू काढलीस. कुणी जंताचं औषध सांगितलं, तेही दिलंस. कुणी म्हणालं, बाप जवळ नाही म्हणून पोर खंगतेय. ते ऐकून तू दादाला पत्र लिहिलंस आणि फाडलंस. शेवटी तिला काखोटीला मारून तू मोठ्या इस्पितळात गेलीस. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं आणि विचारलं, वडील काय करतात? तू सांगितलंस, संपावर आहेत. मग घर कोण चालवतं? दीर. तो काय करतो? तू भट्टीचं सांगितलंस तेव्हा बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे तू मला नंतर कितीतरी वेळा सांगितलंस, नेहमी याच शब्दांत.

रक्त दोनदा घेतलं, बाहेर तपासायला पाठवलं. ज्या दिवशी उत्तर आलं, त्या दिवशी मी गॅलरीत शिरलो तर तू दारात उभी होतीस आणि हातात कुंचा नव्हता.

"सदा, थंयच रव. आत येव नको."

मी जिन्याच्या कठड्यापाशी थांबलो. शेजारच्या बाया आपापल्या दारातून बघत होत्या. तू आवाज चढवला नाहीस.

"पोरीच्या रगतात शिसां गावलां."

मला आधी समजलंच नाही. मग तू डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलंस. माझ्या कपड्यांवरून धूळ घरात येते, पोर जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते. मोठ्या माणसालाही बाधतं, पण लहान मेंदूवर त्याचा फार परिणाम होतो. मी म्हणालो, उद्यापासून कामावर जात नाही.

"मगे खातलव काय? काम सोडू नको. धूळ थंय सोडून ये."

पुढे मी अनेक शहाण्या माणसांची भाषणं ऐकली, पण इतकं सोपं आणि इतकं कठीण मला कुणी काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तू मला गॅलरीच्या टोकाच्या नळावर आंघोळ करायला लावलीस. माझे कपडे काठीने उचलून डब्यात टाकलेस. दादाचा जुना सदरा नेसत्या टॉवेलावर चढवून मी घरात आलो. शोभा झोपली होती. तिच्याजवळ जायला मला भीती वाटली.

डॉक्टरबाई तुला आवडल्या, कारण त्या तुला अडाणी समजून बोलल्या नाहीत. त्यांनी औषध दिलं, पण बजावलं की घरातली धूळ थांबली नाही तर औषधाचा काही उपयोग नाही. कोरडा झाडू बंद. कोरड्या झाडूने धूळ जात नाही, उठते आणि पुन्हा बसते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं एका बादलीत धुवायचं आणि दुसऱ्या बादलीत पुन्हा खळबळायचं. ते पाणी मोरीत ओतायचं, कुंडीतल्या तुळशीला घालायचं नाही. पोरीचे हात जेवणाआधी साबणाने, नखं कापलेली. रिकाम्या पोटी शिसं जास्त भिनतं, म्हणून तिला थोडं थोडं पण सारखं खायला द्यायचं. दूध, नाचणी, पालेभाजी, लिंबू. तू विचारलंस, सुकट चालेल का? बाई म्हणाल्या, उत्तम. त्या दिवशी दिवसभर तू सगळ्या गॅलरीला सांगत होतीस की आपला जवळा डॉक्टरीण बाईंनी पास केला.

पण पाणी कुठे होतं, वहिनी? सकाळी तासभर नळ, त्यात सगळ्या मजल्याची रांग. पुसायला दोन बादल्या म्हणजे प्यायच्या पाण्यातून काढलेल्या दोन बादल्या. लोक कुजबुजले. कुणीतरी म्हणालं, हिने काय देऊळ मांडलंय, तीनदा पुसते. तू सगळं घर उपसलंस, भिंती पुसल्यास, खिडकीचे गज पुसलेस, फळीवरचे डबे, देवांचे फोटो, चटया. कुंचा आणि सुपली कागदात घट्ट बांधून टाकून दिलीस. शोभाची बाहुली उकळत्या पाण्यात घातलीस तर तिचा रंग गेला आणि शोभा दोन दिवस रडली. आठवड्याने शेजारच्या खोलीतली बाई चोरून विचारायला आली, आमच्या ह्यांच्या कपड्यांवरही काहीतरी असतं, ते बघशील का? तो माणूस रंगाच्या कारखान्यात होता. तू तिला तुझ्या दोन बादल्या दिल्यास.

आणि तू भट्टीवर आलीस! बायका तिकडे फिरकत नसत. मांजरपाटाचे दोन जोड तू माझ्यासाठी शिवले होतेस, तिथेच घालायचे आणि तिथेच ठेवायचे. पण कपडे बदलायला आडोसा नाही, धुवायला नळ नाही. तू शेठसमोर जाऊन उभी राहिलीस. तो म्हणाला, बाई, इस धंदे में आजतक कोई मरा नहीं. तुझी हिंदी ऐकून मला जमीन फाटली तर बरं असं झालं होतं.

"शेठ, मरने का बात नको. नळ देव."

तो हसला आणि आत निघून गेला. तू गेलीस. पण तुझ्या मागे पांडूने हातोडा खाली ठेवला, मग मी ठेवला, मग बाकीच्यांनी. आम्ही काय, गिरणीतलेच सगळे, काम बंद करून बसायचं कसं ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. दुपारपर्यंत प्लंबर आला. आमच्या आयुष्यात आम्ही जिंकलेला तो एकच संप. अर्ध्या दिवसाचा, एका नळासाठी. दादाला पत्रातून कळवलं तेव्हा त्याने उत्तरात फक्त एवढंच लिहिलं, तुझ्या वहिनीला युनियनमध्ये घ्यायला हवं होतं.

शोभाच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं. रंग परत आला. एके दिवशी तिने मला बघून 'काका' म्हटलं आणि मी गॅलरीत जाऊन रडलो. मी आणखी वर्षभर भट्टीवर होतो, रोज आंघोळ करूनच घरी यायचो. मग मला भायखळ्याच्या छापखान्यात काम मिळत होतं. तू विचारलंस, छापायचे खिळे कशाचे असतात? मी म्हटलं, शिशाचे. तू भाकरी थापता थापता नुसती मान हलवलीस. शेवटी परळच्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे धुतले. तू म्हणायचीस, बरां झालां, सवय कामाला आली.

पण आकडे शोभाच्या डोक्यात राहिले नाहीत. पाढे आज पाठ, उद्या कोरे. शाळेत बाकावर बसवत नसे तिला, चिडायची, मारायची. चौथीत दोनदा बसली आणि मग शाळाच सुटली. तू तिला पुन्हा डॉक्टरबाईंकडे नेलंस, मीही बरोबर होतो. बाई म्हणाल्या, रक्तातलं उतरलं हे तुमच्या कष्टांनी झालं, नाहीतर याहून वाईट झालं असतं. पण आत जे व्हायचं ते थोडंफार होऊन गेलंय. किती यामुळे आणि किती मुळातच, हे कुणी सांगू शकणार नाही. तू मान डोलावलीस, त्यांना नमस्कार केलास. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, वयनी, माझ्यामुळे झालं हे. तू चालायची थांबलीस.

"आणलंस तू, पण झाडलंय मी. माझ्या हातान."

तिथून ते भांडण सुरू झालं. इतरांची भांडणं तू केलंस, तू केलंस म्हणून होतात. आपलं उलटं. मी म्हणायचो, धूळ मी आणली. तू म्हणायचीस, झाडली मी, सुपलीत भरून पोरीच्या उशाशी ठेवली मी. मी म्हणायचो, मी आणलीच नसती तर तू काय झाडलं असतंस. तू म्हणायचीस, तू आमच्यासाठी आणलीस, तुझा काय दोष. वर्षातून दोन-तीनदा तरी व्हायचं, बहुधा शोभा बाहेर गेलेली असताना. दादा तोवर परत आला होता. गिरणी काही परत आली नाही, तो दादरला कापडाच्या दुकानात लागला होता, आणि गिऱ्हाइकासमोरच ताग्यावर बोट फिरवून विणीतला दोष दाखवायचा म्हणून मालकाची बोलणी खायचा. एकदा आपलं ऐकून तो वैतागला आणि म्हणाला, तुम्ही काय गावची जमीन वाटून घेताय? अर्धा अर्धा दोष घ्या आणि मला जेवायला वाढा. आपण हसलो. पण वाटून घेतला नाही, अर्धाही सोडायला कुणी तयार नव्हतं.

माझ्या लग्नाचं तर तू सोडलंच नाहीस. कणकवलीची, देवगडची, परळची, कुठकुठून स्थळं आणलीस. मी प्रत्येकीत काहीतरी खोट काढायचो. तू समजलीस. मी पन्नाशीला आलो तेव्हा शेवटचं स्थळ आणलं होतंस, चांगली बाई होती ती. मी नाही म्हणालो. शोभाकडे कोण बघणार, असं काहीतरी पुटपुटलो. तू हातातलं ताट खाली ठेवलंस.

"तुझां प्रायश्चित्त माझ्या पोरीच्या नावार नको, सदा. ती काय तुझी शिक्षा नाय."

मला ते इतकं लागलं की मी पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. आज कबूल करतो, तू बरोबर होतीस. तेव्हा कबूल करायला हवं होतं. मी उत्तर न देताच तो विषय संपवला, आणि तूही पुन्हा काढला नाहीस. कधी कधी वाटतं, तू पुन्हा काढावास अशी मी वाट बघत होतो.

भट्टी बंद पडली, शेठ कुठेतरी लांब निघून गेला, शेडचे पत्रेही लोकांनी नेले. जमीन मात्र तिथेच राहिली, करडी. तिच्याच भिंतीला लागून बैठी चाळ होती, पांडू तिथे राहायचा. पांडू गेल्यावर त्याची सून तुझ्याकडे आली, म्हणाली, नातू माती खातो. तू त्याच दिवशी निघालीस. मी बरोबर होतो, म्हणून सांगतो. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखणारे, दोन बादल्या घेऊन लोकांच्या दारात बसून सांगत होती. चपला बाहेर ठेवा. दारात ओलं पोतं टाका. कोरडं झाडू नका. त्या मोकळ्या जागेवर पोरांना खेळायला सोडू नका, आणि आधी यांचं रक्त तपासून आणा. कुणी म्हणालं, आम्ही कचेरीत अर्ज दिलाय, माती उचलून नेणार आहेत. तू म्हणालीस, "अर्जाक पाय फुटतले तेव्हा फुटतले. तवसर लादी घाला."

लादी कुठून आणायची, तर तेव्हा गिरण्या पाडत होते. दादाने ओळखीने शहाबादी फरशा मिळवल्या, हातगाडीवरून चार खेपा केल्या आम्ही. चाळीच्या दारांपुढची सगळी उघडी माती झाकून टाकली, मध्ये फट राहू दिली नाही. एक फरशी बसवताना दादा तिच्यावर हात फिरवत राहिला. म्हणाला, ही आपल्याच साचेखात्यातली असेल. असेल किंवा नसेलही, पण त्या दिवशी आम्ही तिघं तिथे बसून चहा प्यायलो आणि मला गिरणी गेल्याचं दुःख पहिल्यांदा जरा कमी वाटलं. पांडूच्या नातवाचं पुढे बरं झालं. तो आता बोटीवर आहे. तुझ्या बाराव्याला आला होता, तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभा होता.

शेवटच्या आजारात तुला इस्पितळात ठेवलं तेव्हाही तू सफाई करणाऱ्या बाईला झाडू मारताना बघून उठून बसायचा प्रयत्न केलास. मला वाटलं, आता बोलावं. रोज वाटायचं. पण विचारणार काय? मला माफ कर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, माफ कशाबद्दल, झाडलंय मी. तुझ्याकडे माफी मागायची सोयच नव्हती, वहिनी. तुला ती द्यायचीच नव्हती, कारण दिली तर दोष माझा ठरला असता. मी तुझ्या पायाला तेल लावत बसायचो. तू एकदा डोळे उघडून म्हणालीस, पुरे, आता घरी जा, शोभा एकटी आहे. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दादा तर तुझ्या आधीच गेला, आता खोलीत मी आणि शोभा. ती आता त्रेचाळीस वर्षांची आहे हे मला दर वेळी नव्याने मोजावं लागतं. दादरच्या फुलबाजारात एका बाईकडे ती वेण्या गुंफते. पैसे मोजता येत नाहीत, पण तिच्या इतक्या घट्ट वेण्या दुसऱ्या कुणाच्या होत नाहीत, आणि गिऱ्हाइकं तिचं नाव विचारत येतात. ती तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला म्हणालो, बस, तुला काही सांगायचंय. जे कावळ्याला सांगायला नेलं होतं ते तिला सांगितलं. भट्टी, भुकटी, कपडे, सगळं. म्हणालो, तुझं जे झालं ते माझ्यामुळे. मला इतकं बोलायला चाळीस वर्षं लागली.

ती घाबरली नाही, रडली नाही. म्हणाली, "आईने सांगितलंय मला हे. मागच्या वर्षी."

मी विचारलं, काय सांगितलं?

"तुझं नाव नाही घेतलं. म्हणाली, मी झाडलं, माझी चूक. माफी मागत होती."

मला क्षणभर तुझा रागच आला. मला सोडून तू तिच्याकडे गेलीस, आणि सगळाच्या सगळा दोष एकटीच्या पदरात घेऊन मोकळी झालीस. मी शोभाला विचारलं, मग तू काय म्हणालीस आईला?

तिने हातातली साडी खाली ठेवली.

"मी विचारलं, आई, मी एवढी वाईट झालेय काय?"

ती माझ्याकडे बघत होती, सरळ, न चिडता. तुझेच डोळे.

"आता तूपण सांग, काका. तुम्ही दोघं माझ्यावरनं एवढं भांडता. मला वाटतं, चौथी नापास झाले, एवढंच. अजून काय झालंय मला?"

वहिनी, तू तिला काय उत्तर दिलंस ते मी विचारलं नाही. ते तुमचं दोघींचं. मी आयुष्यभर त्या पोरीत गेलेलं काय ते शोधत राहिलो, आणि ती रोज सकाळी माझ्यासमोर डबा घेऊन कामाला जात होती. मी म्हणालो, काही झालं नाही गो. चांगली झालीस तू. बोलताना कळलं की हे खरं आहे, आणि मी ते तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"मग आता बंद करा दोघांनी," ती म्हणाली आणि साडीची घडी पुन्हा हातात घेतली.

मी हो म्हटलं. तुझ्या वतीनेही म्हटलं.